जास्त नको, अखंड हवं

"मला थोडा गारवा भाड्यानं हवाय," असं म्हणत एक बाई माझ्या कचेरीच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला सरळ वेड्यात काढलं. रेवदंड्यात बर्फाचा कारखाना चालवायचा म्हणजे दिवसभर नुसता आरडाओरडा. होडीवाल्यांना लादी हवी असते आणि ती आत्ता हवी असते. लोक बर्फ मागायला येतात, लादी लहान निघाली म्हणून भांडायला येतात, पण नुसता गारवा मागायला वडिलांच्या काळापासून कुणी आलेलं मला आठवत नाही.

"म्हणजे बर्फच ना?" मी विचारलं.

"बर्फ नको. तुम्ही बर्फ करता त्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत एक कोपरा द्या. हिच्यासाठी." पिशवीतून त्यांनी जेमतेम पानाच्या डब्याएवढी एक स्टीलची डबी काढली. तिच्यातून दोन वायरी लोंबत होत्या. "आणि वर्षभर तिला कुणी हलवायचं नाही, एवढी एकच अट."

अट म्हणे! मागायला आलेल्या माणसानं अट घालायची! माझं डोकं तापायला तेवढं पुरतं. पण त्यांनी तोवर खुर्ची ओढून घेतली होती आणि टेबलावरच्या माझ्या चहाच्या कपाला उलट्या हातानं स्पर्श करून "पिऊन टाका, निवतोय," असं मलाच सुनावलं होतं. भांडायचं राहून गेलं. ह्या चंपाताई.

डॉक्टर चंपावती नाखवा. इथल्याच कोळीवाड्यातली मुलगी. शिकायला म्हणून मुंबईला मावशीकडे गेली ती तिकडचीच झाली. तिथल्या एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर खाडीकाठचं भावाचं बंद घर उघडून राहायला आली. दारावरच्या पाटीत 'डॉ.' वाचून पहिल्याच आठवड्यात तापलेली पोरं कडेवर घेऊन बायका हजर. चंपाताईंनी प्रत्येक पोराच्या कपाळाला उलटा हात लावला, किती ताप आहे ते सांगितलं, ते बरोबर निघालं, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "पण औषध मला येत नाही. मी वस्तूंची डॉक्टर आहे." बायका तरी येतच राहिल्या. थर्मामीटर वाचला, असं त्यांचं म्हणणं.

उष्ण आणि थंड ह्यांच्यापलीकडे त्या बाईला जगात काही दिसतच नसे. गरम भाकरी हातात घेतली की आधी दोन बाजूंना दोन बोटं लावून बघायच्या. माझ्याकडे जेवायला बसल्या की आमटीचं भांडं खिडकीपासून लांब सरकवायच्या. पंखा म्हणजे त्यांचा शत्रू. "फुकटची ऊब उडवून लावता," म्हणून ओरडायच्या. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना! मी म्हणायचे, "चंपाताई, ऊब कमी पडली तर माझ्या माळ्यावर जाऊन बसा, पत्र्याखाली." त्यावर त्या गंभीरपणे माळा किती तापतो ते सांगायच्या. थट्टा केलेली कळायची नाही असं नाही. कळायची, पण तिच्यासाठी वेळ नव्हता.

त्या डबीची गोष्ट मला त्यांनी एका बैठकीत समजावली, आणि मला समजली म्हणजे कुणालाही समजावी. चंद्रावर आपले चौदा दिवस ऊन असतं आणि पुढचे चौदा दिवस रात्र. आपण पाठवतो ती यंत्रं उन्हावर चालतात. रात्र झाली की अशी थंडी पडते की तिच्यापुढे माझी टाकी म्हणजे चूल. त्या थंडीत यंत्रांच्या आतले सांधे तडकतात, आणि सूर्य परत आला तरी ती उठत नाहीत. ह्यावर उपाय एकच, यंत्राच्या पोटाशी ऊब ठेवायची. एका किरणोत्सारी धातूची लहानशी गोळी असते. तिला कुणी पेटवावं लागत नाही. ती आपली आपण वर्षानुवर्षं गरम राहते. तिच्या एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला थंडी, आणि मधे तांदळाच्या दाण्याएवढे धातूचे खांब ओळीनं जोडलेले. एक टोक गरम, एक टोक गार, की त्या खांबांतून वीज निघते. किती? तर एखादा इवलासा दिवासुद्धा धड लागायचा नाही इतकी.

"एवढीशी?" मी म्हटलं.

"जास्त नको, अखंड हवं," चंपाताई म्हणाल्या.

हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा ऐकलं. चहात साखर किती, तर जास्त नको. पाऊस कसा हवा, तर अखंड हवा. जमिनीला कान लावून चंद्राच्या पोटातले धक्के ऐकणारं एक छोटं यंत्र होतं. त्याला एवढीशीच वीज पुरणार होती, पण ती क्षणभरही थांबायला नको होती. धक्का काय, दिवस बघून येणार आहे? उभ्या नोकरीत चंपाताईंनी ही एकच डबी केली. सुधारली, मोडली, परत केली. दोन यानं ती न घेता गेली. दोन्ही वेळा वरिष्ठ म्हणाले, अजून खात्री नाही. दोन्ही वेळा यंत्रं पहिल्याच रात्री गेली. वर्तमानपत्रांनी लिहिलं की ती 'झोपी गेली'. ह्या शब्दावर त्या इतक्या भडकायच्या! "झोपलेला माणूस उठतो. मेली म्हणा ना, लाज वाटते का?"

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांचा विभागच गुंडाळला. हाताखालची दोन माणसं दुसरीकडे दिली. चाचणीची खोली दुसऱ्या कामाला गेली. बरंच भांडल्यावर समितीनं एवढं कबूल केलं की डबी वर्षभर अखंड चालवून दाखवा, मग पुढच्या यानासाठी विचार करू. गरम गोळीच्या जागी विजेवर तापणारी नकली गोळी घालायची, बाहेरून थंडी द्यायची, वीज किती निघते ते डबीला जोडलेलं उपकरण आपोआप नोंदवणार. वर्षात एकदाही खंड पडायला नको. मुंबईत जागा कुणी देईना, म्हणून बाई माझ्या दारात.

आणि घाई का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते दिसलं. चहाचा कप उचलताना त्यांचा उजवा हात थरथरायचा. ते दाण्याएवढे खांब भिंगाखाली धरून एकाला एक जोडणं ही त्यांच्या हाताची करामत होती, आणि ते जोडकाम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. शिकायला कुणी आलंच नव्हतं. ही डबी यानातून गेली तर गेली. नाही तर पुढची करणारा हातच राहणार नव्हता.

कोजागिरीच्या दिवशी डबी टाकीत उतरली. पुढच्या कोजागिरीपर्यंत ती चालायची होती. टाकीत लाद्यांचे डबे बुडवतात, तिच्या एका कोपऱ्यात लाकडी घोडी ठोकून तिच्यावर ती बसवली. चंपाताईंनी बटण दाबलं आणि घट्ट डोळे मिटले. देवबिव न मानणारी बाई, पण ओठ हलत होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "आकडे म्हणत होते."

इथं हसुराम आला पाहिजे. माझ्याकडे कॉम्प्रेसर चालवतो. वडिलांच्या वेळचा माणूस, केस पिकले, गुडघे गेले, पण कॉम्प्रेसरचा आवाज जरा बदलला की जेवत्या ताटावरून उठणार. बोलणं कमी, नमस्कार फार. मशिनला नमस्कार केल्याशिवाय हात लावायचा नाही. डबी आली त्या दिवसापासून तो सकाळी तिलाही नमस्कार करू लागला. चंपाताईंना ते मुळीच खपत नसे.

गावात बोंब व्हायची ती झालीच. कुणीतरी 'अणू' हा शब्द ऐकला आणि तिसऱ्या दिवशी बाजारात बातमी, बर्फाच्या कारखान्यात बाँब ठेवलाय! ह्या बर्फावरची मासळी घेऊ नका! माझ्या पोटावर पाय. मी तर चंपाताईंना डबी उचला म्हणून सांगायला निघाले होते. त्यांनीच मला थांबवलं आणि मासळीवाल्या बायकांना कारखान्यात बोलावलं. सगळ्या आल्या. पुढे नर्मदाबाई, जिचा आवाज उठला की बाजार गप्प होतो.

"ह्या डबीत अणूचं काही नाही," चंपाताई म्हणाल्या. "ही विजेवर तापते, तुमच्या इस्त्रीसारखी. खरी गोळी मुंबईला कुलपात आहे आणि ती यानातच बसणार. ती मी इथं आणली तर तुमच्याआधी मी पोलिसांत जाईन."

"आनि खरी कशी असते?" नर्मदाबाई.

चंपाताईंनी सांगितलं. राखेखाली विस्तव झाकून ठेवला की सकाळपर्यंत राहतो, तशी. फक्त हिची सकाळ वर्षानुवर्षं लांब.

"मंग त्यो इस्तव चांदावर फुकनार कोन?"

"कुणी नाही. त्याला फुंकर लागत नाही."

नर्मदाबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. "म्हंजे नंदादीपच की गो बाय!" असं म्हणून तिनं कमरेचा कुंकवाचा करंडा काढला आणि डबीकडे हात नेला.

"अहो थांबा!" चंपाताई ओरडल्याच. "दिवाबिवा काही नाही. देवाचं काही नाही ह्यात. उद्या नारळ फोडाल, नवस बोलाल. हे मशिन आहे. साधं मशिन. मशिनच म्हणा!" हसुरामकडे वळून म्हणाल्या, "तूसुद्धा. काय म्हणायचं?"

"मशिन," हसुराम म्हणाला आणि सवयीनं नमस्कार केला.

बायका हसत घरी गेल्या. बर्फाचा धंदा वाचला. 'मॅडमची मशिन' हे नाव सगळ्या गावात पक्कं झालं, शाळेतली पोरंसुद्धा बघायला यायला लागली.

पावसाळ्यात वादळ आलं. नारळी आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब रस्त्यावर पडले. टाकी लाद्यांनी भरलेली, तिचा गारवा टिकला असता. डबीला वीज देणाऱ्या चंपाताईंच्या बॅटऱ्या होत्या, पण त्या किती टिकणार? आणि माझा जनरेटर पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई गुडघाभर चिखलातून चालत कारखान्यात आल्या. छत्री नाही, चप्पल एकाच पायात. बॅटरीवरचा आकडा बघितला आणि टाकीच्या कठड्याला धरून मटकन बसल्या. "गेली गं शालू," म्हणाल्या. मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली त्यांनी. त्यांचं तोंड असं झालं होतं की मला बघवेना.

हसुराम तडक बाहेर गेला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं. होड्यांच्या बॅटऱ्या घराघरांत ठेवलेल्या. तासाभरात दारात रांग लागली. ज्यांचं स्वतःचं छप्पर उडालं होतं ती माणसं खांद्यावर बॅटऱ्या घेऊन आली. नर्मदाबाईच्या नवऱ्यानं तर दोन आणल्या आणि वर जोडायला तारही आणली. "चालू दे मॅडमची मशिन," एवढंच म्हणायचे आणि जायचे. वीज परत येईपर्यंत डबी होड्यांच्या बॅटऱ्यांवर चालली. खंड पडला नाही.

चंपाताईंना आभार मानता येत नसत. त्या नुसत्या प्रत्येकाच्या हाताला आपला उलटा हात लावत होत्या.

नवरात्र आलं. डबीचं वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते. समितीतून फोनही आला होता, नोंदी घेऊन या, यानाचा आराखडा पक्का करायचाय. चंपाताई त्या दिवसांत जवळजवळ हसऱ्या झाल्या होत्या. खंडेनवमीला आमच्याकडे कॉम्प्रेसर घटकाभर बंद करून पूजा होते, हे मी त्यांना आठवडाभर आधीच सांगितलं. त्यांनी हिशेब केला, तेवढ्या वेळात टाकीचं पाणी फारसं तापणार नाही, चालेल म्हणाल्या. मी त्या दिवशी बहिणीकडे बोर्ली पंचतनला जाणार होते. त्याही त्या दिवशी अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

मी परतले तेव्हा पूजा आटोपली होती. कॉम्प्रेसरला झेंडूची माळ, हळदीकुंकू. तराजूला फूल, हातगाड्यांना फूल, लादी उचलायच्या आकड्यांना फूल. आणि टाकीच्या कोपऱ्यात डबीच्या वायरींच्या खोक्याला सगळ्यांत मोठी माळ. छान दिसत होतं खरंच. मग चंपाताई आल्या. त्यांनी माळ बाजूला केली, नोंदीचं उपकरण बघितलं, परत बघितलं.

"हसुराम, हिला हात लावलास?"

"व्हय मॅडम," हसुराम आनंदानं पुढे आला. "सगल्यांबरोबर तिला पन बंद केली. आरती झाली, परसाद झाला, मंग लगेच चालू केली. वरीसभर राबली मॅडम ती. वादलात पन राबली. तिला इसावा नको?"

चंपाताई भिंतीला टेकल्या.

"अरे, अखंड म्हटलं होतं ना मी! अखंड! तुझ्या घरात घट बसलेत. तिथला दिवा विझू देतोस का नऊ दिवस?"

हसुरामला प्रश्नच कळेना. "त्यो दिवा हाय," तो म्हणाला. "दिव्याला इसावा नसतो. घरात दोघं दोघं जागतो आम्ही त्याच्यासाठी. पन ही मशिन. तुम्हीच म्हनालात ना, दिवा न्हाय, मशिन म्हना. मशिनला नवमीला इसावा देतात, मॅडम. न दिला तर पाप लागतं."

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. काहीतरी भयंकर झालंय हे त्याला आमच्या तोंडांवरून कळलं, पण काय ते कळत नव्हतं. मला तर त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. चंपाताईंनी बाजूला सारलेली माळ परत खोक्यावर नीट ठेवली. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मीच सांगितलं मशिन म्हणून."

घडलं होतं ते एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण डबी वर्षभर गरम होती, ती मिठाच्या पाण्यात एकदम गार झाली आणि परत एकदम तापली. त्यात एक सांधा तडकला. वीज निम्म्यावर आली. "चंद्रावर तिला बंद करणारं कुणी नव्हतंच," चंपाताई मला म्हणाल्या. "म्हणून बंद होणं मी तिला शिकवलंच नाही."

मी गप्प बसणारी नाही. मी म्हटलं, तुमच्या नोंदीतला तेवढा तुकडा काढून टाका, सांधा जोडा, मुंबईला जा. रेवदंड्यात काय झालं ते बघायला कोण आलंय? वर्षभर चाललीच ना? त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच उठून चहा ठेवायला गेले. त्यांनी त्याच दिवशी समितीला फोन केला, सगळं जसंच्या तसं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. समितीतला माणूस वाईट नव्हता, त्यालाही वाईट वाटलं. पण तो म्हणाला की वर्ष पूर्ण झालेलं नाही आणि यानाचा आराखडा थांबवता येत नाही. चंपाताई म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर हेच सांगितलं असतं." फोन ठेवला आणि तो टेबलावर आपटला. दोनदा आपटला.

मग त्यांना वेडच लागलं. दुसरं काय म्हणू? सांधा जोडून निदान डबी पुन्हा चालती तरी करायची, मग बघू, कुणाच्या तरी पाया पडू, पुढचं यान, परदेशातलं यान. दिवसभर भिंगाखाली बसायच्या. उजव्या हाताची थरथर आता लपत नव्हती. दाण्याएवढा खांब चिमट्यात धरायचा, जागेवर न्यायचा, आणि टेकताना हात उडायचा. खांब घरंगळत जमिनीवर. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसायचे. माझ्या हातातसुद्धा ती थरथर यायची. "घट्ट धर," म्हणायच्या. "शालू, घट्ट धर ना गं!" किती घट्ट धरणार? मोडेल असं मनगट ते. एकदा त्यांनी सगळे खांब मुठीत घेऊन भिंतीवर फेकले आणि मग गुडघ्यांवर बसून एकेक वेचत राहिल्या. मी वाकले तर म्हणाल्या, "तू नको, तुडवशील."

यान डबी न घेताच गेलं. उतरलं. गावात फटाके वाजले, टीव्हीवर सगळे नाचत होते. चंपाताईंनी दार लावून घेतलं होतं. त्या छोट्या यंत्रानं चंद्राच्या पोटातले धक्के ऐकले, पहिल्या चौदा दिवसांतले. नंतर तिथं रात्र झाली. वर्तमानपत्रांनी पुन्हा तेच लिहिलं, झोपलं म्हणून. मग तिथं सूर्य उगवला आणि लोक वाट बघत राहिले. ते काही उठलं नाही. चंपाताई या वेळी त्या शब्दावर चिडल्याही नाहीत. मला तेच जास्त लागलं.

हसुरामला सगळं कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी नाही सांगितलं. पण एका सकाळी तो कामावर यायच्या आधी चंपाताईंच्या ओट्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, माझा हात हालत न्हाय. मला शिकवा."

त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. भिंग त्याच्याकडे सरकवलं. त्यानंतर रोज कामाच्या आधी आणि नंतर हसुराम तिथं. आयुष्यभर पाने आणि हातोडे धरलेली ती बोटं. खांब चेपायचा, सांधा जाड व्हायचा, धातू ओघळायचा. त्या बाजूला बसून सांगायच्या, आता टेकव, आता सोड, श्वास रोख. बिघडलेला सांधा वाटीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "परत." मी जाता येता ऐकायचे. परत. परत. त्याला कधी रागावल्या नाहीत, आणि खंडेनवमीचं त्या दोघांच्यात कधी नावही निघालं नाही. कशासाठी हे चाललं होतं? यान नाही, समिती नाही, विभाग नाही. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "तो शिकेपर्यंत मला काहीतरी दिसेल." त्यांना काय दिसायचं होतं कोण जाणे.

पण त्यांच्या हाताची थरथर पायांत उतरली. दोनदा घरात पडल्या. मग मुंबईहून भाची आली, म्हणाली, आत्याला आता एकटीला ठेवता येणार नाही. तिचं काही चुकलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी चहा घेऊन गेले. सामान फार नव्हतंच. अलिबागपर्यंत न्यायला रिक्षा दारात उभी. चंपाताईंना आम्ही दोघींनी धरून आत बसवलं. उजवा हात डाव्या हातानं दाबून धरून त्या बसल्या होत्या. भाचीनं रिक्षावाल्याला चल म्हटलं आणि तेवढ्यात हसुराम धावत आला. धावत म्हणजे त्या गुडघ्यांवर जेवढं धावता येईल तेवढं. धापा टाकत त्यानं तळहात पुढे केला. तळहातावर दोन खांब, मधे एक सांधा.

"रातपाळीला केला, मॅडम. बघा."

चंपाताईंनी भाचीकडून पर्स मागितली, आतून भिंग काढलं. हात हलत होता म्हणून हसुरामनंच भिंग त्यांच्या डोळ्यापुढे धरलं. त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. सांध्यावरून त्यांनी उलटं बोट फिरवलं.

"पक्का आहे," त्या म्हणाल्या.

हसुरामचं तोंड उजळलं. मला वाटलं, आता बाई काहीतरी बोलेल, शाबासकी देईल. त्यांनी तो सांधा उचलला. उचलताना हात उडाला, पण पडू दिला नाही. मुठीत धरला आणि हसुरामकडे बघून अगदी साध्या आवाजात, पत्ता विचारावा तसं विचारलं, "आता हा देऊ कुणाला रे?"

भाची म्हणाली, "आत्या, उशीर होतोय." रिक्षा सुटली. हसुराम रस्त्याच्या मधे तसाच उभा होता, तळहात अजून पुढे केलेला. मागच्या एका टेम्पोवाल्यानं त्याला शिव्या घालत बाजूला व्हायला लावलं.